मदत घेतलेलं कुटुंब उपासनेला येईनासं झालं, तेव्हा

प्रश्न असा आला आहे: "आमची नागपूरची मंडळी साधारण दीडशे घरांची. मी यंदाच पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर, निवडून आलो. आमच्यातल्या एका ऑटोचालक भावाला डायलिसिस लागलं. मंडळीने चाळीस हजार रुपये जमवले, रविवारच्या उपासनेत नवरा-बायकोला पुढे बोलावून पाकीट दिलं, प्रार्थना केली, फोटो ग्रुपवर टाकला. त्यानंतर चार महिने ते कुटुंब आलेलं नाही. कमिटीतले काही जण त्यांना कृतघ्न म्हणतात. शिवाय आजाऱ्यांकडे जाणारी तीच ती पाच घरं आहेत, बाकीचे उपासना संपली की घरी. कळवळा आणि उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं, मंडळीत खरोखर रुजावी म्हणून काय करावं?"

भाऊ, सलाम.

ते कुटुंब कृतघ्न नाही, लाजलेलं आहे. त्यांना न भेटता मी हे सांगते, कारण असलं पाकीट मी स्वतः देऊन चुकले आहे. 31 वर्षं मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. नोकरीत असतानाच महिला संघाच्या मदतपेटीचं काम अंगावर आलं आणि निवृत्तीनंतरही सुटलं नाही. सुरुवातीच्या एका नाताळात आम्ही बारा विधवा बहिणींना चर्चच्या पायऱ्यांवर ओळीने उभं केलं, ब्लँकेटं वाटली, फोटो काढला आणि तो वार्षिक अहवालात छापला. पुढच्या नाताळात त्यातल्या चौघी आल्याच नाहीत. एक मला भाजीबाजारात भेटली. मी विचारलं, तर म्हणाली, "सिस्टर, थंडी तं सोसली असती मी. तो फोटो माह्या जावयाच्या घरी पोचला नं." त्या दिवसापासून आमच्या संघात मदतीचा फोटो बंद झाला. काही वर्षांनी एका नव्या सेक्रेटरीने तो पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला, तेव्हा मी बैठकीत जरा जास्तच मोठ्याने बोलले. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

आपल्या भाषेत उपकार हा शब्द जड आहे. उपकार अंगावर होतात, ते फेडावे लागतात, त्यांचं ओझं होतं. मराठी बायबलने मात्र उपकारस्तुती असा शब्द केला आणि त्यात उपकार करणारा एकच ठेवला, देव. त्या हिशेबात पाकीट देणारा आणि घेणारा दोघेही एकाच सावकाराचे ऋणको. तुम्ही त्या भावाला वेदीपुढे बोलावलंत तेव्हा हिशेब नकळत बदलला. दीडशे घरं सावकार झाली आणि तो एकटा कर्जदार. आता दर रविवारी चर्चच्या दारातून आत येणं म्हणजे त्याच्यासाठी दीडशे सावकारांपुढून जाणं. नवा शर्ट घातला तरी कोणी बघेल, ऑटोला नवी सीट लावली तरी कोणी बघेल. बघणार नाहीत म्हणता? मी मंडळीत जन्मले आहे, भाऊ.

यावर कमिटीतले कोणीतरी दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट काढेल, येशूने दहा जणांना बरं केलं आणि आभार मानायला एकच परत आला ती. दरवेळी काढतात. "दहा शुद्ध झाले ना, मग नऊ कुठे आहेत?" लूकच्या शुभवर्तमानाच्या 17 व्या अध्यायात येशूने हे विचारलं, खरं आहे. पण गोष्ट सगळी वाचा. याजकांना जाऊन दाखवा असं येशूनेच सांगितलं होतं आणि ते नऊ जण तिकडेच निघाले होते. परत न आल्याबद्दल त्यांचं बरेपण काढून घेतलं नाही. परत आला तो शोमरोनी, ज्याला देवळात कोणी जवळ केलं नसतं असा. येशूच्या पाया पडून त्याने आभार मानले, तरी येशूच्या तोंडी शब्द आहेत ते देवाचा गौरव करण्याचे. तो प्रश्न विचारायचा अधिकार येशूचा. आपण बरं केलेलं नसतं, आपण फक्त पाकीट पोचवलेलं असतं. पोस्टमनने मनिऑर्डर दिल्यावर दारात आभाराची वाट पाहत उभं राहावं, तसं होतं ते.

म्हणजे मंडळीला कृतज्ञता शिकवायची ती आधी देणाऱ्याला. हे मान्य असेल तर पुढचं वाचा, नाहीतर इथेच थांबलात तरी चालेल, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आता कळवळा. "त्याला त्यांचा कळवळा आला" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलं आहे की ते गुळगुळीत झालं. मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलेलं आहे. येशूच्या दृष्टांतांतल्या चांगल्या शोमरोन्याला वाटेत पडलेला जखमी माणूस पाहून जे झालं आणि उधळ्या मुलाच्या बापाला मुलगा दुरून दिसल्यावर जे झालं, त्या दोन्ही ठिकाणी तोच शब्द आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, आपलं आतडं तुटतंच. पण आतडं लांबून तुटत नाही. त्यासाठी बघावं लागतं, वास घ्यावा लागतो, बाजूला बसावं लागतं. मंडळीत कळवळा नाही अशी तक्रार करण्याआधी मी विचारते, मंडळीतल्या किती जणांनी त्या भावाला डायलिसिसच्या खुर्चीवर पाहिलं आहे? बहुतेकांनी त्याला फक्त वेदीपुढे पाहिलं, इस्त्रीच्या शर्टात.

आणि न बघता केलेली माया जिवावर बेतते, हे मी सिस्टर म्हणून सांगते. नागपुरात आजाऱ्याकडे जायचं म्हणजे हातात संत्र्यांची पिशवी, नाहीतर शहाळं. डायलिसिसच्या पेशंटला या दोन्ही गोष्टी घातक. किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही, संत्र्यात आणि नारळपाण्यात ते भरपूर, रक्तात वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. एका बाईच्या घरात मी मंडळीने आणलेली संत्री टोपलीत वाळत चाललेली पाहिली आहेत. पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून ती काही बोलायची नाही. केमो चालू असलेल्याकडे सावजी मटणाचा डबा नेणारे भाऊसुद्धा आमच्याकडे होऊन गेले. प्रेम खरं होतं त्यांचं, पण फोडणीच्या वासानेच पेशंटला उलटी झाली. म्हणून आमच्या संघाचा पहिला नियम असा की पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने जायचं. बसायचं. प्रार्थना करायची ती दोन मिनिटांची, दवाखान्यात तर त्याहून कमी, कारण शेजारच्या खाटेवरचाही माणूसच आहे. मग विचारायचं, काय लागते? आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा चार दिवसांनी विचारायचं.

उत्तर क्वचितच पैसे असतं. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, व्हरांड्यात गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेले नातेवाईक चटया टाकून झोपतात हे तुम्ही पाहिलं असेल. आपल्या मंडळीतला पेशंट तिथे असला तर त्याच्या बायकोला काय हवं असतं? एक बाई मला म्हणाली होती, "सिस्टर, पैसे नको. मले चार तास झोपू द्या कोणी." त्यातून आमची रात्रपाळी निघाली. रात्री नऊ ते एक, एक ते पाच, अशा दोन पाळ्या, बायकांच्या वॉर्डात बायका, पुरुषांच्या वॉर्डात पुरुष. बाकीची कामं अगदी साधी असतात. रिपोर्टच्या रांगेत उभं राहणं, मोबाइल चार्ज करून आणून देणं, मुलांना शाळेतून आणणं, मऊ भात आणि साधं वरण. चाळीस हजार जमवण्याच्या आधी हेही बघायचं असतं की महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद झाले आहेत का, कारण डायलिसिस त्यात बसतं. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. उत्पन्नाचा दाखला काढायला कोणासोबत तहसीलला दिवसभर बसणं ही भक्तीच आहे, फक्त तिला पेटी-तबल्याची साथ नसते.

पैसे द्यायचेच तेव्हा ते कसे द्यायचे, हे पहिल्या मंडळीलाही भांडणातूनच कळलं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6. यरुशलेमेत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरकूर झाली. प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितलं आणि जी सात नावं निघाली, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर वगैरे, ती सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात वाटपाची किल्ली दिली. मला ही गोष्ट नागपूरसाठीच लिहिल्यासारखी वाटते. 29 नोव्हेंबर 1970 ला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. ऐक्य, साक्ष आणि सेवा हे त्याचं ब्रीद. पण एका छताखाली आलेली माणसं एका यादीत येतातच असं नाही. आमच्याकडे अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधली छत्तीसगडची हिंदी बोलणारी घरं होती. एकदा त्यातल्या एका काकांनी तोंडावर विचारलं, "आपकी लिस्ट में सब मराठी घर ही क्यों बीमार पड़ते हैं?" आम्ही रागावलो, रजिस्टर काढलं, आणि गप्प झालो. पुढच्या महिन्यात त्यांच्यातल्या दोन बहिणी पेटीच्या कामात घेतल्या. तुमच्या कमिटीत तुम्ही नवे आहात, तर यादी कोण करतं हे पहिल्यांदा तपासा.

हिशेबाचं थोडक्यात सांगते. करिंथकरांना दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात, पौलाने वर्गणीबद्दल लिहिलं आहे की देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही सगळं चोख दिसावं. आमच्याकडे रजिस्टरमध्ये नाव नाही, क्रमांक. नाव तिघांनाच माहीत, पाळकसाहेबांसकट. पैसे शक्यतो थेट औषधाच्या दुकानात किंवा शाळेत. वार्षिक सभेत एकूण रक्कम आणि किती घरं एवढंच. "आमच्या पैशाचं कोणाला दिलं ते कळलं पाहिजे" असं म्हणणारे निघतात. त्यांना सांगायचं, हिशेब तपासनीस व्हा, कळेल, आणि मग तोंड मिटून ठेवा. फसवणारेही भेटतात, तीन चर्चमधून एकच बिल दाखवून पैसे घेणारे. वर्षातून एखादा. त्याच्यासाठी बाकीच्या सगळ्यांची झडती घ्यायची नसते.

आता उपकारस्तुती. तुमच्याही उपासनेत साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगण्याची, वेळ असेल. लक्ष देऊन ऐका, कोण उभं राहतं. मुलाला इंजिनीअरिंगला सीट मिळाली, फ्लॅट झाला, प्रमोशन झालं, ऑपरेशन यशस्वी झालं. सगळं खरं आणि चांगलं. पण ज्याचं ऑपरेशन यशस्वी झालं नाही तो त्या वेळी बाकाकडे बघत असतो. काही वर्षांनी तो यायचाच थांबतो. 1 थेस्सलनीकाकर 5:18 मध्ये "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" असं आहे, सर्व स्थितीबद्दल करा असं नाही. हा एका विभक्तीचा फरक मंडळीत नीट सांगितला गेला नाही तर माणसं मेलेल्या लेकराबद्दल देवाचे आभार मानायला लागतात, खोटे, दात आवळून. मी हे अंत्यविधीला पाहिलं आहे. स्तोत्रसंहितेला अशी घाई नाही. तेरावं स्तोत्र "किती काळ" असं विचारत सुरू होतं, अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. आम्ही महिन्यातल्या एका रविवारी साक्षीच्या आधी असं एखादं स्तोत्र वाचायला लागलो. पहिल्यांदा सगळे अवघडले. तिसऱ्या महिन्यात एक गृहस्थ उठले, बायको जाऊन वर्ष झालं होतं. म्हणाले, "मला स्तुती करता येत नाही अजून. पण रोज संध्याकाळी शेजारचे एक भाऊ येऊन कॅरम खेळून जातात. त्यांच्याबद्दल आभार." कॅरमवाले भाऊ मागच्या बाकावर लाल झाले.

मला सगळ्यात आवडते ती कापणीची उपासना. आमच्याकडे ती नोव्हेंबरात, अंबिया बहाराची संत्री आलेली असतात. वेदीपुढे संत्री, कोहळे, तांदूळ, अंडी, कोणाचा जिवंत कोंबडा, आणि नंतर लिलाव. आमच्या एका आजीने अंगणातला दुधी आणला होता, बाजारात वीस रुपयांना मिळेल असा. दोन भावांनी ईर्ष्येने तो सातशेवर नेला. आजी हसून हसून खाली बसली. तो दुधी घेणाऱ्याला विचारा, अजून सांगतो. इथे बघा, आजी देणारी होती. वर्षभर आमच्या पेटीतून तिची बीपीची गोळी यायची, आणि त्या दिवशी मंडळीच्या पेटीत सगळ्यात मोठी भर तिच्या दुधीने घातली.

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 7 व्या अध्यायात उपकारस्तुतीच्या यज्ञाचा एक नियम आहे, जो आपण भराभर वाचून पुढे जातो. नवसाचं किंवा स्वखुशीचं अर्पण असेल तर मांस दुसऱ्या दिवशीही चालतं. उपकारस्तुतीचं असेल तर त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. अख्खा बैल एका घराला एका दिवसात संपत नाही. मग शेजारी बोलवावे लागतात, पाहुणे, उपरे, कोणीही. मी ते वाचलं आणि आम्ही लिलावातला अर्धा माल बाजूला काढून त्याच दुपारी शिजवायला लागलो. पहिल्या वर्षी भात कमी पडला, दुसऱ्या वर्षी वांग्याची भाजी तिखट झाली. आता चर्चच्या गल्लीतले सगळेच येतात, बौद्ध, हिंदू, मुस्लिम, समोरच्या बांधकामावरचे मजूर. ताटासोबत धर्मप्रचाराची पत्रिका ठेवायची नाही, हे ठरलेलं आहे. यावर आमच्यात वाद झाला होता आणि मी एका बाजूला होते, हे लपवत नाही. वाटेतल्या जखमी माणसाला शोमरोन्याने धर्म विचारला नव्हता. दीक्षाभूमीवर 14 ऑक्टोबरच्या आठवणीत लाखो लोक येतात, तेव्हा शहरभर जागोजागी पाणी आणि जेवण वाटलं जातं. तिथे मी पन्नास वर्षं पाहते आहे, ताट घेणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही. शेजाऱ्यांकडून शिकायला लाज कसली?

तुमच्या त्या पाच घरांची मला जास्त काळजी आहे. अशी पाच घरं एक दिवस थकून बसतात आणि मग कडवट होतात. दवाखान्यात ड्यूटी संपली की हँडओव्हर द्यायचा असतो, कितीही जीव गुंतला तरी. शोमरोन्यानेही तेच केलं. रात्रभर सेवा केली, सकाळी खाणावळवाल्याला दोन दिनार दिले, दोन दिवसांची मजुरी, वर लागलं तर परत येताना देईन म्हणाला आणि आपल्या कामाला निघून गेला. जखमी माणसाच्या उशाशी महिनाभर बसला नाही. पाच घरांना तीन महिने काम आणि एक महिना सक्तीची सुट्टी द्या. त्या महिन्यात दुसऱ्यांना बोलवा, पण वेदीवरून "कोण पुढे येईल?" असं विचारून नव्हे. असं विचारलं की पुढे तेच पाच येतात. एकेकाला नाव घेऊन, नेमकं काम सांगून बोलवा: "मंगळवारी दुपारी दोन तास, मेयो दवाखान्यात, रिपोर्ट घ्यायचे आहेत." नेमक्या कामाला नाही म्हणणारे कमी. आणि ज्यांना कधी मदत मिळाली त्यांना सगळ्यात आधी. आमच्या रात्रपाळीतल्या सगळ्यात पक्क्या बहिणीला एके काळी चार तासांची झोप हवी होती.

आता ते ऑटोवाले भाऊ. कमिटीचं शिष्टमंडळ नेऊ नका. पाळकसाहेबांनाही पहिल्यांदा नको. तुम्ही एकटे जा, डायलिसिसच्या दिवशी नको, त्या दिवशी माणूस पिळून निघालेला असतो. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी जा. "येत का नाही?" हे विचारायचं नाही. फोटो टाकला ती आमची चूक झाली, काढून टाकला आहे, एवढं एका वाक्यात सांगा. आधी खरंच काढा. मग त्यांच्याकडे काहीतरी मागा. बसलेल्या माणसाला जमेल असं, आणि जे त्यांच्याइतकं कोणाला येत नाही असं. ऑटो चालवलेल्या माणसाला अख्ख्या नागपूरच्या गल्ल्या पाठ असतात. दीडशे घरांची गृहभेटींची यादी त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, कोणती घरं एका फेरीत होतील, मार्टिननगर आधी की मेकोसाबाग. पेन्सिल न्यायला विसरू नका, आणि संत्री नेऊ नका.